शेवटी बोलणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई पगारे यांची आणि माझी पहिली भेट उभ्या उभ्याच झाली. दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी नोकरीच्या मुलाखतीसाठी गेले होते. हंगाम ऐन भरात होता. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका कात्रीने घडांतले खराब मणी काढत होत्या. पॅकहाऊसच्या व्यवस्थापक असलेल्या ताईंनी त्यांच्या रांगांमधून चालता चालता मला विचारलं, "आजवर घेतलेला एखादा निर्णय सांगा, जो बरोबर ठरला."

मी कृषी पदवीला प्रवेश घेतल्याचं सांगितलं.

"तो विचाराने बरोबर ठरला की नशिबाने?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ताई थांबल्या, माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

ताईंनी यंदा वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांच्या कार्यपद्धतीवर मी लिहावं, असं गौरव समितीने सुचवलं. ते मी लिहिणारच आहे. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मनात दाबून ठेवून मला लिहिता येणार नाही. हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ताईंचं गंगापूर रोडवरचं घर विकलं गेलेलं असेल. मुलीकडे, बंगळूरला, त्या कायमच्या राहायला जात आहेत. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं.

पॅकहाऊसच्या मधल्या खोलीत एक मोठं टेबल आहे. नवा खरेदीदार घ्यायचा का, कुठल्या वाणाच्या बागा करारावर बांधून घ्यायच्या, कुणाला कामावरून कमी करायचं का, असे प्रश्न ताई या टेबलावर आणत. तिथे बोलण्याचा क्रम ठरलेला होता. सगळ्यात नवा माणूस पहिल्यांदा बोलायचा, ताई सगळ्यात शेवटी. मालकांनाही हीच शिस्त होती. ते मध्येच बोलू लागले की ताई नम्रपणे म्हणत, "तुमचं मत कळलं की बाकीच्यांना मत उरत नाही, साहेब. जरा थांबा." आणि प्रत्येकाचं ऐकून झाल्यावर त्या एक वाक्य हमखास सांगत, "ऐकलं म्हणजे मानलं असं नाही. पण ऐकलं."

आमच्याकडे आणखी एक प्रथा त्यांनी पाडली. एप्रिलअखेर हंगाम संपला, माल गेला, की रिकाम्या कोल्ड रूममध्ये पालथ्या क्रेटवर आम्ही सगळे बसायचो. बाहेर ऊन मी म्हणत असे आणि आत अजून थोडा गारवा उरलेला असे. तिथे वर्षभराचे निर्णय पुन्हा उकरले जात. चुकलेल्या निर्णयांवर कुठेही बोलणं होतंच. ताईंना जास्त रस बरोबर ठरलेल्या निर्णयांत असे. एका वर्षी आम्ही एक कंटेनर ऐनवेळी दुसऱ्या खरेदीदाराकडे वळवला आणि भाव चांगला मिळाला. मालक पेढे घेऊन आले. ताई म्हणाल्या, "का वळवला, ते कुणी सांगेल?" कुणालाच सांगता येईना. "मग ही अक्कल नव्हे, नशीब. पुढच्या वर्षी असंच करायला जाऊ नका."

"ताई, पेढे तरी सुखाने खाऊ द्या," मालक म्हणाले.

"खा की. नशिबाचे पेढेही गोडच लागतात."

त्यांची पद्धत एकदा अंगाशी आली, आणि त्या प्रसंगामुळेच मी त्यांना खऱ्या अर्थाने ओळखू लागले. मार्चमध्ये अवकाळी पावसाचा अंदाज आला. पुंडलिक अण्णा हे आमचे दिंडोरीजवळचे जुने बागायतदार. त्यांचा सकाळीच फोन आला. गोडी जराशी कमी आहे, तरी आजच घड काढू का, की दोन दिवस थांबू? आम्ही त्यांना "थांबा, कळवतो" म्हणालो आणि टेबलाभोवती बसलो. सवयीप्रमाणे सगळ्यात नव्या माणसापासून सुरुवात केली. प्रतवारीवाले बोलले, वाहतूकवाले बोलले, सगळे मुद्देसूद बोलले. आमचं "काढा" ठरेपर्यंत गावातल्या काढणीच्या टोळ्या दुसऱ्या बागांत गेल्या होत्या. संध्याकाळी पाऊस झाला आणि अण्णांच्या बागेतले मणी तडकले.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन बागेत गेल्या. अण्णा वेलीखाली उकिडवे बसले होते. उठले नाहीत.

"ताई, तुम्ही 'काढा' म्हणायचं होतं. नाय तर 'अण्णा, तुझं तू बघ' म्हणायचं होतं. मी लय पावसाळे बघितलेत, केलं असतं माझं मी. पण 'थांबा' कशाला म्हणलं? तुमच्या 'थांबा'वर इश्वास ठेवला ना मी."

मी हवामान खात्याचं काहीतरी सांगू लागले. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "अण्णा, चूक माझी. टेबल माझं आहे," एवढंच म्हणाल्या. तेव्हा अण्णा उठले आणि म्हणाले, "चहा घ्या आता. आलात ते बरं केलं." त्यांचा तडकलेला माल बेदाण्यासाठी खपवायची धडपड ताईंनी स्वतः केली.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "सगळ्यांना विचारायचं, हे मला इतकं आवडायला लागलं होतं, की कधी विचारायचं नाही ते विसरले." त्या आठवड्यापासून काढणीचा निर्णय टेबलावरून उतरला. जो पर्यवेक्षक बागेत उभा असेल त्याने तिथल्या तिथे ठरवायचं, आणि हंगाम संपेपर्यंत त्याला 'असं का केलंस' हे कुणीही विचारायचं नाही, अगदी ताईंनीही नाही. सुरुवातीला माणसं घाबरली. नंतर शहाणी झाली. काही निर्णय सावकाश शिजवायचे असतात आणि काही ताटात पडल्याबरोबर खायचे असतात, हा फरक आमच्या पॅकहाऊसला त्या पावसाने शिकवला. पण ती शिकवण मान्य करण्याइतका मोठेपणा आमच्या व्यवस्थापकांकडे होता, म्हणून आम्ही शिकलो.

ताईंच्या मायेचा अनुभव ज्याला नाही असं कुणी आमच्याकडे नसेल. सासूबाईंच्या आजारपणात माझी फार ओढाताण झाली. सिन्नरहून रोज ये-जा, घर, दवाखाना. एक दिवस मी राजीनामा द्यायला ताईंसमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "थकलेल्या माणसाने एवढं मोठं काही ठरवू नये. आधी झोप काढ. झोपून उठल्यावरही हेच वाटलं तर ये, मी अडवणार नाही." त्यांनी मला रजा दिली आणि माझं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. मी पुन्हा राजीनाम्याचं नाव काढलं नाही. आज ताईंच्या खुर्चीत मी बसते, ती त्या झोपेमुळे.

खुर्चीत बसते खरी, पण ताईंच्या निवृत्तीनंतर पहिली काही वर्षं मी त्यांना वरचेवर फोन करत असे. प्रश्न मांडला की पलीकडून येई, "स्वाती, तुला विचारायचंय की सांगायचंय?" बहुतेक वेळा सांगायचंच असे. निर्णय माझा झालेला असे. मला फक्त तो आवाज हवा असे. हल्ली टेबलावर सगळ्यांचं बोलून होतं, माझ्या बोलण्याची पाळी येते, आणि अजून कुणीतरी बोलायचं राहिलंय असं वाटून मी क्षणभर थांबते.

गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांचे पती, पगारे सर, गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. गुडघ्यांनी जिना नकोसा केला आहे. मुलीकडे, प्रज्ञाकडे, जाण्याचा विचार त्यांनी सांगितला आणि म्हणाल्या, "आधी तू बोल."

मी शहाण्यासारखं बोलले. तिकडची हवा, लिफ्ट, चांगले डॉक्टर, मुलीचा आधार. सगळं जाण्याच्या बाजूचं.

"ही कारणं झाली. तुला काय हवंय?"

"तुम्ही जाऊ नये," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "प्रज्ञाची दहावीची परीक्षा कधी होती, ठाऊक आहे? मार्चमध्ये. बारावीची फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिच्या साऱ्या परीक्षा द्राक्षांच्या हंगामात आल्या. सर तिला केंद्रावर सोडायचे आणि मी तुम्हा मुलींना घड धरायला शिकवत असायचे. स्वाती, त्या टेबलावर मी सगळ्यांना बोलतं केलं. मालकांना गप्प बसवलं. पण हंगामभर आई घरी नसेल, चालेल का, हे त्या मुलीला मी एकदाही विचारलं नाही. आता तिने स्वतःहून विचारलंय, 'आई, येतेस का?' तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय."

"मग घर तरी ठेवा, ताई."

"घर ठेवलं तर तिच्याकडे मी पाहुणी होईन. तिला पाहुणी नकोय." मग त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "तुझं ऐकलं हं मी."

मी पॅकहाऊसमध्ये आले तेव्हा प्रज्ञा शाळेत होती. ज्या हंगामांची मी या लेखात इतक्या ओढीने आठवण काढली, ते तिने आईवाचून काढलेले हंगाम होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. तेव्हापासून माझं म्हणणं बदललेलं नाही. ताई हव्याच आहेत. पण आता त्या हव्याशा वाटण्यात माझ्याशेजारी आणखी एक मुलगी उभी दिसते, आणि ती माझ्याआधीपासून उभी आहे.

दीर्घायुष्य चिंतताना माणूस बहुतेक वेळा स्वतःसाठीच मागत असतो. मीही मागणार होते. ते आता प्रज्ञासाठी मागते. ताईंनी आम्हाला जितके हंगाम दिले, निदान तितके तिला मिळोत. ताईंचे गुडघे, डोळे आणि तो शेवटी उमटणारा आवाज तोवर धडधाकट राहोत, आणि तिकडे एखाद्या मार्चच्या सकाळी त्यांना कुठेही जायची घाई नसो.