मामंजींच्या मांडीवर पिल्लं

कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींनो, जरा सल्ला पाहिजे.

आज सकाळी ह्यांनी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारातून कोंबडीची पिल्लं आणली. आमच्या घरात पहिल्यांदाच. माझे सासरे, मामंजी, लई भडकले. "काहून आणली ही तकलीफ? माझ्याजवळ येऊ देऊ नका!"

मी पाणी ठेवायला खोकं उघडलं आन् पिल्लं सुटली. दारात शेजारचं मांजर बसलेलं. पलंगाखाली, चुलीमागं, सगळीकडं शोधलं. पोरगी तर रडायलाच लागली.

तेवढ्यात ओसरीवरून मामंजींचा दबका आवाज आला, "वरडू नका. झोपलेत."

पाहते तर पिल्लं त्यांच्या मांडीवर, धोतराच्या घोळात गाढ झोपलेली. मामंजींच्या हातात काठी, नजर मांजरावर.

त्यांना हिंगोलीला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. जीपवाल्यानं हॉर्न दिला, तर त्यालाच दम दिला, "हळू वाजव की!"

नवं लुगडं नेसलेल्या आत्याबाई एकट्याच जीपमध्ये बसल्या. जाता जाता म्हणाल्या, "आमची एवढी लेकरं झाली, एकालाबी मांडीवर घेतलं न्हाई ह्या माणसानं."

मामंजी मान खाली घालून बोटानं एका पिल्लाची पाठ चोळत राहिले.

त्यांचा पाय बधिर झालाय, तरी उठेनात. पिल्लं किती वेळ झोपतात हो?