वाढवणारंच थांबवतं

१२ जून. शाळा उघडणार, म्हणून मुक्ताच्या स्कर्टची दुमड उसवत बसले होते. वर्षभरात पोरगी माझ्या कानापर्यंत पोचली आणि पोक काढून चालायला लागली.

"वर्गात जिराफ म्हणतात मला. आई, मी थांबणार कधी?"

"थांबशील गं. आतली व्यवस्था माझ्यापेक्षा चोख आहे."

खरंच आहे. पोटात होती तेव्हा तिला तिच्याच शरीरातल्या इन्शुलिनने वाढवलं, पुढे मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीने. आता इस्ट्रोजेन उंची ताणतंय, आणि तेच एक दिवस हाडांची टोकं सांधून वाढ थांबवणार. मला दुमड किती ठेवावी हेही दरवर्षी चुकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेसिनवरच्या ज्या आरशात बघायला मुक्ता वाकायची, त्याचा खिळा उपटला आणि वीतभर वर ठोकला.