शिव्या मोजत चालणारी आत्या

आमची आत्या पावलं आकड्यांत मोजत नसे, शिव्यांत मोजी. डावा पाय टाकला की "मुडद्या", उजवा ओढला की "तुझं वाटोळं हो". दोन्ही तिच्या दिराला. रोज सकाळी निलंग्यातल्या माझ्या खोलीपासून बस स्टँडपर्यंत ही वरात जाई आणि शेजारणी पोरांचे कान झाकत.

तिच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. नवरा आधीच वारलेला. ती बाजेवर पडून असतानाच दिराने तिचा तो मेलेला अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. कागद तिची विहीर त्याच्या नावावर करण्याचा होता. दुष्काळात साऱ्या गावात तेवढ्याच विहिरीला पाणी होतं. आत्या नुसती बघत राहिली. मी तेव्हा निलंग्याला शाळेत शिकवत होते. तिला माझ्याकडे घेऊन आले. महिन्याभराने तिच्या तोंडून पहिला शब्द फुटला, तो काही देवाचा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, हाताला काम द्या, पण दमवू नका. आत्याला ते शेवटचं पटलं नाही. "त्यो माझं पानी पिऊन राहिला, अन् मी दम खाऊ?" ती भाकरीचं पीठ मळी, ओली फडकी पिळी, पिळताना कुणाची मान धरलीय हे न सांगता कळे. परातीत पीठ पसरून मी तिला तिचं नाव गिरवायला शिकवलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, म्हणून त्या कागदाविरुद्ध आम्ही केलेलं अपील तिथे लागलं. कचेरीच्या पायऱ्या ती माझा हात झिडकारून चढली. फक्त ओठ हलत होते. साहेबांनी जबाबाचा कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, अंगठा चालेल."

"न्हाई साहेब. अंगठा कुनीबी लावून घेतंय."

'गंगाबाई' लिहायला तिला इतका वेळ लागला की साहेबांनी तोवर चहा घेतला. दीर मागे घाम पुसत उभा होता. पुढे निकाल लागला आणि विहीर परत तिच्या नावावर झाली.

त्या वैशाखात मी आत्याला गावी परत घेऊन गेले, तेव्हा दीर विहिरीवर आला. त्याच्या बायकोच्या घागरी आत्याने भरू दिल्या, गुरांनाही पाजलं. तो मात्र ओंजळ धरून उभा राहिला. आत्याने उजव्या हाताने तांब्या कलता केला. धार त्याच्या ओंजळीबाहेर, कोपरावरून थेट मातीत. दुसरा तांब्या, तिसरा, तसाच.

"हात कापतो भाऊजी," ती गोड आवाजात म्हणाली, "काय करू?"

मी शेजारीच उभी होते. तो हात जराही कापत नव्हता. मला त्या माणसाची तेव्हा दया आली नाही, आणि आत्या जाऊन इतकी वर्षं झाली तरी आजही येत नाही.