गणपतीतला आठवडा लिहून द्या

मित्रहो, आज दुपारी दादरच्या एका वातानुकूलित सभागृहात आम्हा दाम्पत्यास कोकणातील रिसॉर्टचे आजीवन सदस्यत्व अर्पण होत होते. दरवर्षी एक आठवडा वास्तव्य. अट एकच, स्वाक्षरी आजच!

भविष्यनिर्वाह निधीस तिलांजली देण्यास मी लेखणी उघडली, तोच सौभाग्यवतींनी विचारले, "गणपतीतला आठवडा मिळेल?"

"मिळणारच, मॅडम!" विक्रेता उद्गारला.

"मग करारात तसं लिहा. घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो."

विक्रेत्याचे स्मितहास्य अंतर्धान पावले. "कागद घरी नेता येत नाही, मॅडम."

"मग आमची सहीपण घरीच राहिलीय. उठा हो!"

मी आज्ञाधारकपणे उठलो. निधी अक्षत आहे आणि लालबागच्या आमच्या घरी गॅलरीत चहा अत्युत्तम लागतो आहे.

आपल्या गृही "लिहून द्या" म्हणणारे कोण आहे?