मागची भिंत

हे मी आजपर्यंत कुणाशीच बोललेले नाही. आताही लिहिताना दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले. मी भाषणं करते, तुम्हाला ठाऊक असेल – मजुरांवर, त्यांच्या आवाजावर, तो आवाज कोण दाबतं यावर. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत मला हमखास एक बस आठवते, आणि मी घाईने पाण्याचा ग्लास उचलते.

माझे वडील, आबा, गवंडी होते. जालन्याकडून आले. कामोठ्यात, खांदेश्वरला, जिथे तेव्हा नुसता चिखल होता, तिथे त्यांनी भिंती उभ्या केल्या. बिल्डिंग संपत आली की गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, ओल्या गिलाव्यावर ते खिळ्याने आपल्या माणसांची नावं कोरायचे. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांचीसुद्धा. गेटवर संगमरवरात बिल्डरचं नाव असायचं, टाकीमागे ही. आणि ते पत्रकं लिहायचे. छापून आणून सकाळी मजूर नाक्यावर वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. कशाला घाबरायचं नाही, हेही तिथेच शिकले – असं मी सगळ्यांना सांगत असते.

नोकरी लागल्यावर आबांना परदेश दाखवायचा हट्ट माझाच होता. आई तोवर गेली होती. आम्ही दोघं एका मराठी ग्रुपबरोबर स्कॉटलंडला गेलो. आबा खूश होते. त्यांना सगळ्याची चौकशी. ही मेंढरं कुणाची, राखतो कोण, हे दगडी बांध कुणी घातले? मी भाषांतर करायची. दुसऱ्या दिवशी लोक त्यांना प्रेमाने ‘प्रश्नवाले काका’ म्हणाले. चौथ्या दिवशीही तेच म्हणत होते, पण आबांचा हात वर गेला की घड्याळाकडे बघत होते. आबांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

आणि मला – कसं सांगू? – त्या लोकांची बाजू पटायला लागली होती.

पाचव्या दिवशी किल्ला होता. टेकडीवर, चारी बाजूंना हिरवी कुरणं, अंगावर येणारा वारा. गाइड म्हणजे पिकल्या केसांची एक शांत बाई. कुठला राजा, कुठली राणी, कुणी वेढा घातला, ती सांगत होती. आबा दोन दगडांमधल्या सांध्यावरून बोट फिरवत होते. तिचं संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

“इचार की माय तिला. हे दगड कुनी रचले? त्यांची नावं हायत का कुठं?”

वाशीचे एक काका हसले. “नावं कळून काय करणार, हजेरी घेणार?”

सगळे हसले. नेरूळच्या काकू माझ्या कानाशी आल्या, म्हणाल्या, “तू आधी टॉयलेट कुठंय ते विचार गं.” सगळे माझ्याकडे बघत होते. आबाही बघत होते. त्यांना इंग्रजी येत नाही.

मी त्या बाईला स्वच्छ इंग्रजीत विचारलं – टॉयलेट कुठे आहे?

तिने किल्ल्याच्या मागच्या बाजूला हात केला. आबांनी तो हात पाहिला.

“काय म्हनली?”

“मागच्या भिंतीवर कोरलीत म्हणते. गवंड्यांची नावं.”

इतकं सहज निघालं तोंडातून. टाकीमागची त्यांचीच गोष्ट मी उचलली आणि त्यांनाच दिली. वाशीच्या काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला डोळा मारला. आणि मी हसले. खोटं बोलणं एक वेळ बाजूला ठेवा – ते हसणं? ते कुठे ठेवू?

आबा मागे गेले. मी गेले नाही. किल्ल्याच्या कोपऱ्याशी उभी राहून बघत होते. त्यांनी टोपी काढली होती. दगडाला नाक टेकेल इतके जवळ जाऊन ते भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होते. शेजारच्या दारातून लोक आत जात होते, बाहेर येत होते. त्यांच्यापाशी कुणी थांबलं नाही. परत आले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानेही असेल.

“झिजल्यात,” म्हणाले. “पन हाताला लागतात.”

परतीच्या वाटेवर बसमध्ये गाण्यांसाठी माइक फिरत होता. आबांनी तो मागून घेतला. या लोकांनी मजुरांची नावं जपून ठेवली, म्हणाले, आणि माझ्या लेकीमुळं मला ते कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवर काहींचे खांदे हसून हलत होते. मी खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसले. इतक्या माणसांत आबा एकटे होते, आणि ते फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

मग घरी आल्यावर त्यांनी पत्रक लिहिलं. तिकडं किल्ल्यावर नावं आहेत, आपल्या टॉवरांवर का नाहीत? छापण्याआधी ते मीच तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. ते वाक्य तसंच ठेवलं.

ते वाचून उलव्याच्या एका साइटवर दहा-बारा जणांनी नावांची पाटी मागितली. इंजिनीअरने मोबाइलवर किल्ला शोधला, फोटो दाखवले, विचारलं – कुठायत नावं? सगळ्यांसमोर हसला. त्यांच्यातला एक जण चिडून आमच्या घरी आला. मी आतल्या खोलीत होते. आबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“माझ्या लेकीनं सोता इचारलंय. ती खोटं बोलत न्हाई.”

मी बाहेर आले नाही.

तो माणूस त्यानंतर कधी आला नाही. नाक्यावर आबांच्या हातून पत्रक घेणारे कमी झाले. आबा अजून आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून माझं लिहिलेलं सगळं मी त्यांना वाचून दाखवते. हे दाखवलेलं नाही.

नावं कुठे होती की नव्हती, त्या बाईला कदाचित माहीत असेल. आबांनी तिला प्रश्न विचारला होता. तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मध्ये मी उभी होते.