भेक, सरू आणि गाईडच्या दोन मुली

संग्रहालयाच्या दाराशी मी तिकिटं फाडते, त्यामुळे आमच्या गाईडचं भाषण मला तोंडपाठ आहे. शेवटच्या दालनात काचेच्या पेटीत एक जिवंत भेक आहे, तोच तो फोडाफोडांच्या पाठीचा बेडूक, आणि शेजारी मोठ्या कुंडीत सरूचं उंच, सडपातळ झाड. या दोघांत सारखं काय, हे लोकांना पटवणं त्याचं काम. भेकाच्या फोडांतून विष येतं, सरूच्या सालीतून चिकट राळ. म्हणजे दोघंही सहजासहजी हात लावू देत नाहीत. एकाची अंडी हजारो, दुसऱ्याच्या बिया हजारो, त्यातून जगतात मोजकीच. माणूस अभ्यासू, पण बोलणं अगदीच सपक. सहलीला आलेली पोरं जांभया द्यायची.

मग एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या घरीही हीच जोडी आहे. मोठी मुलगी सरू, धाकटी भेक." हशा पिकला. जन्मात पहिल्यांदा टाळी मिळालेला माणूस ती सोडतो होय? तेव्हापासून भाषणाचा शेवट रोज तोच. मला तो विनोद कधी रुचला नाही. बुटकं असण्यात हसण्यासारखं काय असतं, कोण जाणे. मी तरी कुठे ताडमाड आहे?

परवा तो चष्मा घरी विसरला. धाकटी कॉलेजला जाताजाता तो द्यायला आली. "शेवटच्या दालनात असतील, जा," मी म्हटलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक हसत होते आणि त्यांच्या पाठीमागे, पुढून कुणालाच न दिसणारी, ती उभी होती.

लोक पांगले. समोर लेक दिसताच त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचं काय झालं असेल ते असो, शरमेनं मलाच तिथे उभं राहवेना.

"बाळा, ते आपलं गंमत म्हणून..."

"माहितीये बाबा. मला ताप होता तेव्हा आमच्या वर्गाची सहल आली होती ना इथे? मी परत शाळेत गेले तर सगळे मला भेकच म्हणायला लागले. दहावीपर्यंत."

"मग घरी का नाही बोललीस?"

तिने चष्मा त्याच्या हातात दिला.

"तेव्हा तुम्ही कामावरून खुशीत यायला लागला होतात. त्याआधी जेवताना कुणाशी बोलायचातसुद्धा नाही."

ती गेली तरी तो मान वर करेना. पुढचे लोक दारात येऊन थांबले, तेव्हा मीच त्यांना सांगितलं की आज गाईड मिळणार नाही.