पणतीतला सेल

त्या वर्षी गौरीच्या आराशीसाठी मी सेलवरच्या पणत्या आणल्या, त्या लेकीसाठीच. ती सव्वा वर्षाची होती, नुकती चालायला लागलेली. जे दिसेल ते ओढायची. तेलाची पणती अंगावर घेतली तर काय, या धास्तीनं महाद्वार रोडवरून डझनभर प्लॅस्टिकच्या पणत्या घेतल्या. प्रत्येकीत रुपयाएवढा एक चपटा सेल. दुकानदार म्हणाला, "ताई, लहान पोराच्या हातात बिनधास्त द्या. जाळ न्हाय, धूर न्हाय." मी दिल्या. विसर्जन झालं, आरास माळ्यावर गेली, पण दोन पणत्या लेकीच्या खेळण्यांत राहिल्या. खालचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं होतं. स्क्रू नव्हता. मी त्याकडे कधी बघितलंच नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत. माझी रजा संपली तेव्हा लेकीला कोण सांभाळणार हा प्रश्न आक्कानं सोडवला. आक्का माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी, पेठ वडगावात दिलेली. तिची मुलं नोकरीला पुण्यात. दाजींना नि म्हशींना गावात ठेवून ती सोमवारी एसटीनं यायची, शनिवारी परत जायची. मला विश्वास टाकायला दुसरं माणूस शोधावंसंही वाटलं नाही. आई शेतात जायची म्हणून मला आक्कानंच कडेवर वाढवलं होतं. मला सांभाळायचं म्हणून सातवीनंतर तिची शाळा सुटली. ती हे कधी बोलून दाखवायची नाही, आणि मी कधी विसरले नाही.

तो गुरुवार होता. साडेपाचला घरी आले तर लेक आक्काच्या मांडीवर मलूल पडलेली. तोंडातून लाळेची धार. दूध पाजायला गेले तर एक घोट घेतला आणि रडत बाहेर काढला. मधूनच खोकत होती.

"कधीपासनं असं हाय?"

"दात येत्यात गं," आक्का म्हणाली. "लाळ गळणारच की. थोडी सर्दी पण हाय."

मला राहवेना. तिघी रिक्षानं नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा बघितला, छाती तपासली आणि विचारलं, "काही गिळलंय का हिनं? नाणं, मणी, काही?"

मी आक्काकडे बघितलं. दिवसभर घरात तीच होती.

"छे, छे," ती म्हणाली. "माझ्या नजरेसमोरनं हलली न्हाय पोरगी."

डॉक्टरांनी घशासाठी औषध लिहून दिलं. सकाळपर्यंत उतार पडला नाही तर परत आणा म्हणाले. रात्र लेकीनं माझ्या खांद्यावर काढली. आक्का शेजारीच बसून होती, पोरीच्या तळपायांना तेल चोळत. मला तिची कीव आली. म्हटलं, "आक्का, तू झोप आता." ती म्हणाली, "मला कुठली झोप लागत्या?" ते मला मायेचं वाटलं.

पहाटे लेकीला उलटी झाली आणि तिच्यात काळपट रक्त होतं. नवऱ्यानं गाडी काढली, आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढणारा माणूस फिल्म बघून म्हणाला, "नाणं गिळलंय की हो पोरीनं." डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. कडेवर बोट ठेवलं.

"नाणं नाही. कडेनं आत दुसरं वर्तुळ दिसतंय, बघा. हा बटन सेल आहे. अन्ननलिकेत अडकलाय."

मला काही कळेना. सेल फुटलाय का, विचारलं. त्या म्हणाल्या, "फुटावा लागत नाही. ओल्या मांसाला टेकला की त्यातून करंट वाहायला लागतो आणि टेकलेली जागा भाजत जाते. दोन तासांतसुद्धा. कधी गिळला? नक्की वेळ सांगा, मला हवीय."

मी म्हणणार होते, आम्हाला ठाऊक नाही. तेवढ्यात माझ्या मागून भिंतीला टेकलेली आक्का म्हणाली, "काल दुपारी अडीच वाजता."

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरीणबाई लेकीला घेऊन आत गेल्यासुद्धा. तोंडातून दुर्बीण घालून सेल काढायला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात बाकावर बसून मी सगळं ऐकलं. आक्का दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात गेली होती. परत आली तर पणती उघडी, झाकण एकीकडे आणि लेक ठसकत होती. आक्कानं तिच्या तोंडात बोट घातलं, पाठीत थापट्या मारल्या, सोफ्याखाली हुडकलं. सेल कुठंच नव्हता.

"मग झाकण परत लावलं आणि पणती माळ्यावरच्या खोक्यात टाकली," ती म्हणाली.

"का?"

"मला वाटलं शीच्या वाटंनं पडंल. पोरं नाणी गिळत्यातच की. तू पण गिळलंवतंस."

"आक्का, काल डॉक्टरांनी तुझ्यासमोर विचारलं. तुझ्यासमोर!"

"भ्यालो मी," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. "तू परवाच वरडलीवतीस. दाराचं लागलं तिला तवा. लक्ष कुठं असतंय तुझं, म्हणालीस."

म्हणाले होते, खरं आहे. रागात म्हणाले होते आणि विसरूनही गेले होते. पण त्या बाकावर मला त्याची लाज वाटली नाही. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की रात्रभर माझ्या शेजारी बसून, पोरीचे तळवे चोळत, ती सेल कुठं आहे हे जाणत होती. परक्यानं दगा दिला असता तर मी आरडाओरडा केला असता. हिच्यावर ओरडायला माझ्या तोंडातून आवाजच निघेना. नवरा इतकंच म्हणाला, "आक्का, तुम्ही वडगावला जावा आता." ती पिशवी घ्यायलाही घरी गेली नाही. दवाखान्यातूनच स्टँडवर गेली.

लेक वाचली. कित्येक आठवडे नाकातून घातलेल्या नळीनं तिला दूध दिलं. भाजलेली जागा भरताना आकसली, म्हणून अन्ननलिका रुंद करायला तिला पुनःपुन्हा भूल द्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी कुणाला दोष दिला नाही. मीच एकदा विचारलं, गुरुवारी संध्याकाळीच कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कमी भाजलं असतं." आणखी काही म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षं मी आक्काशी बोलले नाही. दाजींचा फोन यायचा, मागून तिचा खोकला ऐकू यायचा. मग एका खेपेला, लेकीला आत नेलं होतं तेव्हा, ती न सांगता दवाखान्यात आली आणि त्याच बाकावर टोकाला बसली. मी उठून गेले नाही.

"एक सांग," मी म्हटलं. "संध्याकाळी माझ्यापाशी खोटं बोललीस ते समजलं. पण डॉक्टरांपाशी?"

ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "तुला आधी दात येत्यात म्हटलं व्हतं न्हवं. मग तुझ्याम्होरं त्यास्नी कसं व्हय म्हणू?"

बस्स, एवढंच कारण. मी त्याहून मोठं काहीतरी शोधत होते.

लेक आता पाच वर्षांची आहे. भाकरी दुधात कुस्करून, हळूहळू खाते, प्रत्येक घासानंतर पाणी पिते. आक्काकडे आमचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालंय. ती लेकीला मांडीवर घेऊन म्हशींची नावं शिकवते आणि दोघी मोठमोठ्यानं हसतात. या मे महिन्यात वडगावला गेलो तेव्हा लेकीनं हट्ट धरला, मावशीकडं मी एकटी राहते, आठ दिवस. आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "रजा टाकते. मी पण राहते."

आक्का उठून गोठ्याकडे गेली.